सरांचे रविवारचे भयपट

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक नोकरी विचारतात, लग्नाचं विचारतात, मासे-मटण चालतं का ते विचारतात. शनिवार पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर सरांनी मला विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

मी खरं ते सांगितलं. झुरळांची.

"ते वैयक्तिक झालं," सर म्हणाले. "सार्वजनिक सांगा."

मी साताऱ्याहून नुकतीच आले होते. हडपसरच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि घरमालक वयस्क नवरा-बायको असावेत एवढी एकच अट आईने घातली होती, म्हणून ऑफिसपासून इतक्या लांब मी खोली बघत होते. सार्वजनिक भीती म्हणून काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आतून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला, "अहो, तिला आधी खोली तरी दाखवा. घाबरायला पुढे भरपूर वेळ आहे."

तो किती भरपूर आहे हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

सर एका कॉलेजात वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारे. त्यांना सगळी इमारत सरच म्हणायची, आणि मला वाटतं काकूही एकांतात तेच म्हणत असाव्यात. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाचे लोक सकाळी टेकडीवर जातात, नातवंडं सांभाळतात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. सरांनी जुने भयपट जमवायला घेतले. जगभरातले, बरेचसे काळे-पांढरे, ज्यात प्रयोगशाळेत धूर निघतो, काचेच्या नळ्यांतून काहीतरी बुडबुडतं आणि शेवटी ज्याने ते बनवलं त्याचाच गळा धरला जातो, असे.

रविवारी दुपारची जेवणं उरकली की समोरच्या खोलीच्या खिडक्यांवर काकूंच्या जाड सोलापुरी चादरी चढायच्या. भिंतीवर सरांचं एक पांढरं धोतर ताणून बसवलेलं असायचं. दारावर सरांच्या अक्षरात सूचना होती : 'किंचाळणाऱ्यांनी शेवटी कारण सांगावे.' इमारतीतली मंडळी आपापली उशी घेऊन यायची. निम्मे लोक सुरुवातीलाच डुलक्या घ्यायला लागायचे आणि थेट राक्षसाच्या आरोळीने जागे व्हायचे, त्यामुळे सगळ्यात जास्त तेच घाबरायचे. या गोष्टीचा सरांना छुपा आनंद होत असे.

सिनेमे परदेशी, त्यामुळे सर बाजूला उभे राहून भाषांतर करायचे. त्यांच्या मराठीत भुतंखेतंही फार शुद्ध बोलायची. थडग्यातून उठलेला एखादा भयाण प्राणी तोंड उघडायचा आणि सर गंभीरपणे सांगायचे, "ते म्हणतायत, आपण इथून निघून गेलात तर बरं होईल." पडद्यावर बाई बेशुद्ध पडायची आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसायचं. सर तेवढ्यापुरता प्रोजेक्टर थांबवायचे, हसणाऱ्याकडे बघायचे आणि पुन्हा चालू करायचे.

सिनेमा संपला की चादरी काढल्या जायच्या, चहा यायचा, आणि चहा हातात पडल्यामुळे कुणाला उठून जाता येत नसे, तेव्हा सर आपला नेहमीचा प्रश्न टाकायचे. हा सिनेमा आला तेव्हा लोक कशाला घाबरले होते?

नवीन माणूस हमखास सांगायचा, राक्षसाला.

"राक्षस नंतर आला," सर म्हणायचे. "त्याच्या आधी काय आलं होतं?"

मग त्यांचा तास सुरू व्हायचा. त्यांचं म्हणणं असं, की भयपट म्हणजे विज्ञानाच्या मागोमाग चालणारी सावली. नवीन शोध लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की थोड्याच काळात तो पडद्यावर नखं घेऊन येतो. वीज नवी होती तेव्हा विजेच्या झटक्याने मेलेली माणसं उठून बसली. शस्त्रक्रिया सुधारली तसे एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवणारे डॉक्टर आले. अणुबॉम्ब फुटल्यावर किडे-मुंग्या घराएवढ्या झाल्या. अवकाशात यानं गेली तसं तिथून काहीबाही खाली उतरायला लागलं. "माणूस तोंडाने ज्याचं कौतुक करतो," सर सांगत, "त्याच्याविषयी मनात काय आहे ते अंधारात बसल्यावरच कळतं." एवढं बोलून ते चहाचा घोट घ्यायचे. तोवर चहा गार झालेला असायचा आणि त्याबद्दल ते काकूंकडे बघायचे.

दुसऱ्यांच्या भीतीचा असा लख्ख हिशेब मांडणारे सर स्वतः मात्र प्रेशर कुकरला घाबरायचे. गॅसवर कुकर चढला की ते सहज उठल्यासारखं करून गॅलरीत जात आणि शिट्ट्या होऊन वाफ जिरल्याशिवाय आत येत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तिथे वारा चांगला येतो.

"फक्त वरण शिजताना येतो," काकू म्हणाल्या.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांच्याविषयी मला बरंच उशिरा कळलं, तेही माझ्यामुळे. एका रविवारी सरांनी यंत्र आपल्या मालकालाच घरात कोंडून ठेवतं असा सिनेमा लावला होता. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत नवीन एआय आलं होतं आणि माझ्या टीममधली अर्धी कामं ते करणार असं आम्हाला गोड आवाजात सांगण्यात आलं होतं. चहाच्या वेळी सरांनी प्रश्न विचारला आणि मी काहीतरी बोलायला गेले ते मला रडूच आलं. सर गोंधळले. त्यांच्या तासाला आजवर कुणी रडलं नव्हतं. ते मला औद्योगिक क्रांतीविषयी सांगायला लागले.

काकूंनी त्यांना थांबवलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या एक्स्चेंजमध्ये स्वयंचलित यंत्रं आली त्या दिवशी साहेबांनी नारळ फोडायला लावला होता. ऑपरेटर बायकांनीच यंत्राला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, आणि मग सगळ्याजणी पाळीपाळीने बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या. काही जणींना दुसरी कामं मिळाली, काही घरी बसल्या. काकूंना चौकशी खिडकीवर बसवलं. लोक येऊन विचारायचे, फोन का लागत नाही?

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पहिलं वर्षभर मी त्या यंत्राकडे बघत नसे. पुढे त्याच्यातला बिघाड ओळखायला मीच शिकले." त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. "भीती वाटली तर वाटू दे गं. सरांसारखी तिची फोड करत बसू नकोस, म्हणजे झालं."

माझी नोकरी गेली नाही, काम बदललं. पण त्या दिवसापासून सर मला सिनेमाआधी हळूच विचारून ठेवायचे, आज यंत्राचा आहे, चालेल ना?

सरांच्या सिद्धान्ताची खरी कसोटी लागली ती टॉवरच्या वेळी. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा प्रस्ताव आला होता. सोसायटीत दोन तट पडले. त्यातून निघणाऱ्या लहरींनी काय काय होतं याच्या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरायला लागल्या. कुणाची झोप उडाली, कुणाच्या कुंडीतली तुळस सुकली. सेक्रेटरी सरांकडे आले आणि म्हणाले, तुम्ही भौतिकशास्त्रवाले, लोकांना जरा समजावून सांगा.

सरांनी व्याख्यान द्यायला हवं होतं. त्यांना सुचली दुसरीच युक्ती. त्यांच्या मते ही भीती इतकी जुनी आणि इतकी हास्यास्पद होती, की ती पडद्यावर एकदा दाखवली की लोक स्वतःलाच हसतील आणि टॉवर बसेल. म्हणून बैठकीच्या आदल्या दुपारी त्यांनी किरणोत्साराने फुगलेल्या कोळ्यांचा सिनेमा लावला. कधी न येणारी माणसंही त्या दिवशी आली. सरांनी आधीच सांगून टाकलं होतं की हा विनोदी म्हणून बघायचा आहे.

कुणीही हसलं नाही. कोळी गाव खात सुटले तशी मंडळी उशा छातीशी धरून बसली. चादरी काढल्यावर सर उत्साहाने मोबाइलच्या लहरी आणि अणूचे किरण यांतला फरक सांगू लागले, आकृती काढायला लागले, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "सर, सिनेमातला तो शास्त्रज्ञ सारखं दार का लावून घेतो?"

सर म्हणाले, तो प्रयोग करत असतो.

"असेना का. त्याची होणारी बायको बाहेरून इतकं ठोठावते, तिला निदान काय चाललंय ते तरी सांगावं. आम्हालाही टॉवरचं कुणी काही सांगितलं नाही. नुसती सही मागायला आले."

सर खडू हातात धरून उभे राहिले. एवढे सिनेमे पाहून हा प्रश्न त्यांना पडला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत टॉवरचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला गेला, आणि विरोधात मत देणाऱ्यांनी सिनेमाबद्दल सरांचे मनापासून आभार मानले. सेक्रेटरी पुढे कित्येक दिवस सरांना जिन्यात बघून वर बघत चालायचे.

पुढच्या रविवारी मात्र सर ताजेतवाने होऊन उभे राहिले आणि म्हणाले, की लोक विज्ञानाला घाबरत नाहीत, ते बंद दाराला घाबरतात. सगळ्या भयपटांचं मर्म त्या प्रयोगशाळेच्या कडीत आहे, असं त्यांचं मत झालं होतं. आजी समोरच बसल्या होत्या. त्यांनी चहा दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि सरांनी तो निमूटपणे दिला.

मग ती आषाढातली दुपार आली. सिनेमा संपला, काकूंनी चादर बाजूला केली, आणि सर खुर्चीत मान टाकून, हात लोंबकळत पडलेले दिसले. सरांना मधूनमधून नाटक करायची सवय होती. एकदा ते दारामागून धोतर गुंडाळून बाहेर आले होते. त्यामुळे कुणीतरी म्हणालं, "वा सर," आणि सेक्रेटरींनी तर टाळ्या वाजवल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खुर्च्या ढकलत पुढे गेल्या आणि त्यांनी सरांना नावाने हाक मारली. आम्ही कुणीच ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. टाळ्या मध्येच थांबल्या.

सर मिनिटभरात शुद्धीवर आले आणि विचारू लागले, सिनेमा कुठपर्यंत आला. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांतपणे बोलणारी. तिने सांगितलं, की हृदयाला ठोके देणारी आतली वीज मधेच अडते, ठोके फार मंद होतात, कधी क्षणभर थांबतातही. पेसमेकर बसवावा लागेल, आणि लवकर. छोटंसं यंत्र, कातडीखाली, एक तार हृदयापर्यंत.

सर म्हणाले, "अभ्यास करून सांगतो."

आणि डॉक्टर नको नको म्हणत असताना सही करून घरी आले.

पुढचा आठवडा सगळा धास्तीत गेला, आणि तरी त्यात हसू येण्यासारखंही पुष्कळ होतं. सर रोज नवीन कारण सांगायचे. बॅटरी संपली तर? मोठ्या लोहचुंबकाजवळ गेलो तर? मी म्हटलं, तुम्ही लोहचुंबकाजवळ कशाला जाल? ते म्हणाले, मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे, काही सांगता येत नाही. मग एकदा त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं. विजेवर चालणारा माणूस म्हणजे काय असतो, ते म्हणाले, मी किती वेळा बघितलंय.

मी त्यांना त्यांचाच सिद्धान्त ऐकवला. नवा शोध, जुनी भीती, मागोमाग चालणारी सावली.

"सिद्धान्त लोकांसाठी असतो," सर म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले. त्या वेळी गॅसवर कुकरही नव्हता.

काकू या सगळ्यात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या स्वयंपाक करायच्या, सर जिन्याकडे निघाले की मागे जायच्या, बाथरूमला गेले की बाहेर उभ्या राहायच्या. आठवड्याच्या शेवटी सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो होतो आणि सर मला पेसमेकरच्या धातूविषयी काहीतरी सांगत होते. काकूंनी कप खाली ठेवला.

"अहो, इकडे बघा," त्या म्हणाल्या. "मला तुमचा धातू कळत नाही. मी रोज पहाटे जागी होते आणि डोळे उघडत नाही. आधी हात लांब करून बघते, तुम्ही गार आहात की गरम. मग उठते. या भीतीचा एखादा सिनेमा असला तुमच्याकडे, तर तो लावा या रविवारी."

मी उठून जायला हवं होतं, पण मला उठता येईना. सर म्हणाले, "कधी जायचं?"

"आत्ता," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवी आधीच भरून ठेवली होती.

दवाखान्यात त्या डॉक्टर मुलीने एक फार चांगली गोष्ट केली. तिने सरांना समजावलं नाही. नमुन्याचं एक यंत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, विचारा. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वजन पाहिलं, घड्याळासारखं कानाला लावलं. "टिकटिक करत नाही," ते जरा निराश होऊन म्हणाले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. बाहेर बाकीचे पेशंट खोळंबले होते, नर्स दोनदा डोकावून गेली, पण ती मुलगी कागदावर हृदय काढून तार कुठून जाते ते दाखवत राहिली. तिने दार उघडंच ठेवलं होतं, आणि शेवटी शेवटी तर बाकावरचे दोन पेशंटही आत येऊन ऐकत उभे होते. सरांनी उठताना तिला सांगितलं, की तुमची आकृती जरा बेढब आहे, पण समजावण्याची पद्धत ठीक आहे. कॉलेजात त्यांनी एवढं कौतुक कुणाचं केलं नसेल.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. घरी आल्यावर सर आठवडाभर स्वतःची नाडी धरून बसायचे, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. माझा मोबाइल त्यांनी खोलीच्या टोकाला ठेवायला लावला. स्वतःच्या फोनवर बोलायचं झालं तर ते हात लांब करून तो दूर धरायचे आणि त्यामुळे ओरडून बोलायचे, इतकं, की त्यांच्या तब्येतीची खबर फोन न करताही पेठेला मिळत होती. महिनाभरात चादरी पुन्हा खिडक्यांवर चढल्या.

आणि तिथे एक नवीनच अडचण निघाली. सरांना भीती वाटेना.

म्हणजे वाटायची, पण नीट नाही. त्यांनी ही तक्रार थेट डॉक्टर मुलीकडे नेली. ते म्हणाले, पूर्वी राक्षस आला की माझं काळीज धडधडायचं. आता डोकं घाबरतं आणि छाती आपली संथपणे टप टप चालू असते. बघायला मजा येत नाही. तुमच्या यंत्राने माझी भीती काढून घेतली आहे, ती परत हवी.

मुलगी आधी हसली, मग तिने विचार केला. ती म्हणाली, की या यंत्राला शरीराची हालचाल कळते. तुम्ही चाललात, जिना चढलात, की ते ठोके वाढवतं. पण खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही घाबरलात, तर ते त्याला बिचाऱ्याला समजत नाही.

सरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी हडपसरला राहायला गेले. रविवार सासर-माहेर आणि बाजारहाट यांतच जाऊ लागले. गेल्या महिन्यात मात्र ठरवून गेले. समोरची खोली भरलेली होती, तळमजल्यावरच्या आजी पुढच्या खुर्चीत होत्या, धोतर ताणलेलं होतं. सर थोडे वाकलेत. पण भाषांतर तसंच, अतिशय अदबशीर.

सिनेमा चांगला रंगला होता. प्रयोगशाळेत काहीतरी हललं, दिवे फडफडले, आणि टेबलावरच्या कापडाखालून एक हात बाहेर आला. तेवढ्यात सर भाषांतर सोडून खुर्च्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत भराभरा फेऱ्या मारायला लागले. भिंतीपासून भिंतीपर्यंत, हात हलवत, शाळेत कवायतीला चालतात तसे. मी दचकून काकूंकडे पाहिलं. मंडळींना सवय झाली असावी, कुणी मागे वळलंही नाही. वाटेतल्यांनी पाय तेवढे आत घेतले.

काकूंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्या सरांच्या बाजूने चालायला लागल्या. कोपराशी त्यांचा हात धरला. त्यांना तेवढा वेग जमत नव्हता, म्हणून सर थोडे हळू झाले. अंधारात दोघं एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जात-येत राहिले. त्यांच्या सावल्या धोतरावर पडल्या तरी कुणी हरकत घेतली नाही.

"वाढले का?" काकूंनी विचारलं.

सर थांबले आणि जरा वेळ कान दिल्यासारखे उभे राहिले.

"वाढले," ते म्हणाले.

"मग बसा आता."

ते दोघं धापा टाकत आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले आणि एकदम पुढे वाकले. राक्षस तोवर दारापाशी पोचला होता.